मीनल, पाणी घालू नकोस

सुजाता, तुझ्या शोकसभेत मी भांडले. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं, म्हणून आधी तेच सांगते.

सभा लिटिल इंडियात होती, मिठाईच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. तुझ्या नवऱ्याने, मिलिंदने, पांढऱ्या कापडावर बुद्धमूर्ती ठेवली होती, मेणबत्त्या लावल्या होत्या आणि शेजारी तुझा तो इथल्या नोकरीच्या पाससाठी काढलेला फोटो, ज्यात तू फोटोग्राफरवर वैतागलेली दिसतेस. त्रिशरण-पंचशील होईपर्यंत मी गप्प होते. मग इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष उठले. सुजाताताई म्हणजे वाळवंटातलं फूल होत्या, म्हणाले. प्रतिकूल परिस्थितीत जिद्दीने फुलल्या आणि अल्पायुषी ठरल्या. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो. धुराचं काय, ते तर नुसतं निमित्त झालं. वेळ भरली की माणूस जातोच.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "ती आत्मा मानत नव्हती. आणि ते फूल जिद्दी वगैरे काही नसतं. त्याच्यामागे बी असतं, आणि बी थांबतं. एवढंच."

कुणाला काही कळलं नाही. माझ्या नवऱ्याने मागून ओढणी ओढली. मिलिंदने मान खाली घातली होती. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. अध्यक्षांचा राग अजून गेलेला नाही. इतकी वर्षं तू इथे राहिलीस, पण मंडळाच्या कोजागिरीला, हळदीकुंकवाला कुणी आठवणीने तुला बोलावलं नाही. गेल्यावर मात्र तुझं फूल करायला सगळे पुढे. का बोलावलं नाही ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. तू त्यावर कधी बोलली नाहीस. "मला ते आटवलेलं दूध पचत नाही," एवढंच म्हणायचीस आणि विषय बदलायचीस.

'निमित्त' ऐकून माझं डोकं फिरलं, त्यालाही तूच कारणीभूत आहेस. आई गेली तेव्हाची गोष्ट. मी पुण्याला पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर इथे बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओळखीची माणसं भेटायला आली आणि जो तो म्हणत होता, आईंची वेळ भरली होती. तू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून फडक्यात मोड आलेली मटकी सोडवत होतीस. तिथूनच तू विचारलंस, "कुणी मोजली वेळ? त्यांना औषध उशिरा मिळालं. लवकर मिळालं असतं तर त्या आज असत्या." पाहुणे लवकर उठले. मला ते वाक्य कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि माझ्या रक्ताच्या एकाही माणसाने म्हटलं नव्हतं. मग तू उसळ केलीस, फोडणी करपवलीस, आणि आम्ही ती तशीच खाल्ली. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धतच नव्हती.

आपली पहिली भेटही मटकीवरच झाली होती. सेरंगून रोडवरच्या किराणा दुकानात एक बाई मटकीचं पाकीट उजेडाकडे धरून दाणा न् दाणा बघत होती आणि दुकानदार तोंड वाकडं करून उभा होता. मी तेच पाकीट उचलायला गेले तर तू मराठीत म्हणालीस, "घेऊ नका, जुनी आहे, मोड येणार नाहीत." मी हट्टाने घेतलं. मोड आले. दुसऱ्या दिवशी मी तुला फोटो पाठवला, आणि तुझं उत्तर आलं की हे मोड नाहीत, अपवाद आहेत. बियांवर डॉक्टरेट केलेल्या बाईला मटकीवरून हरवल्याचा आनंद मला कितीतरी दिवस पुरला. तिथून आपण भांडायला लागलो ते थांबलोच नाही.

आणि आता तू मधूनच उठून गेलीस. मोठं भांडण अर्धवट टाकून.

ती कुंडी. बुकित पंजांगला तुमच्या फ्लॅटबाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये, दाराच्या उजव्या हाताला, चपलांच्या स्टँडच्या बाजूला मातीची एक पसरट कुंडी होती आणि तिच्यात नुसती वाळू. कामासाठी अमेरिकेला गेली होतीस तेव्हा तिथल्या वाळवंटात तू ते फूल पाहिलंस. एका वर्षात जन्मतं, फुलतं, मरतं. टीचभर झाड, चिकट पानं, आणि देठांवरून खाली लोंबणाऱ्या फिकट पिवळ्या घंटा. त्याचं शास्त्रीय नाव तू मला अनेकदा पाठ करायला लावलंस, एमेनांथे. इंग्रजीत त्याला कुजबुजणाऱ्या घंटा म्हणतात, कारण फुलं सुकली तरी गळत नाहीत, कागदासारखी देठावरच राहतात आणि वारा आला की वाजतात. तिथल्या एका संशोधक मैत्रिणीने तुला चिमूटभर बिया दिल्या. रीतसर परवानगी काढून तू त्या इथे आणल्यास, जिथे दर दुपारी आभाळ कोसळतं आणि कपड्यांच्या कपाटात बुरशी येते.

मी म्हटलं होतं, तुला वेड लागलंय. वाळवंटातलं झाड विषुववृत्तावर कोण लावतं? तू म्हणालीस, लावत नाही, थांबतेय. बिया आधी कोरड्या, गरम वाळूत नीट मुरू द्यायच्या आणि मग एकदाच भरपूर पाणी द्यायचं, असा तुझा बेत होता. तो दिवस कधी, ते तू ठरवणार होतीस. मला मात्र कोरडी कुंडी बघवत नसे. बेडोकहून एमआरटीची मेट्रो आणि मग एलआरटीची छोटी गाडी असं बेट ओलांडून दर रविवारी यायचं, बाटलीत उरलेलं पाणी दिसेल त्या कुंडीत ओतायचं, ही माझी सवय. दोनदा तू मला पकडलंस. तिसऱ्या रविवारी आले तर वाळूत एक लाकडी पाटी खोचलेली, त्यावर तुझ्या गोल अक्षरात: मीनल, पाणी घालू नकोस. येणारे-जाणारे चिनी, मलय, तमिळ शेजारी त्या पाटीकडे आदराने बघायचे. त्यांना काय माहीत, मला भर रस्त्यात कानफटवलंय.

भांडण असं होतं. मी इंटरनेटवर वाचलं की या बियांना धूर लागतो. रान पेटून गेलं की धुराने त्या जाग्या होतात आणि राखेतून उगवतात. मी म्हटलं, मग एक उदबत्ती लाव की. तू म्हणालीस, तुम्ही प्रोजेक्ट मॅनेजर लोक दोन ओळी वाचून निर्णय घेता. धूर लागतो तो डोंगरउतारावरच्या बियांना. वाळवंटातल्यांना लागत नाही, तिथे जळायला असतं काय? तिथे फक्त पावसाची वाट बघायची असते. मी विचारलं, बीला काय माहीत ते कुठलं आहे ते?

"तू पुण्याची आहेस हे तुला विसरता येतं का? सगळ्या एमआरटीला कळतं, मग बीला कळणार नाही?"

मी हसले, पण मागे हटले नाही. एकदा बोलून गेले की तुला दमा आहे, तुला धूर सोसत नाही, म्हणून तू पाण्याची बाजू घेतेस. हे काही विज्ञान नव्हे. तू खरंच चिडलीस. माझं विज्ञान माझ्या छातीवरून ठरत नाही, म्हणालीस आणि आठवडाभर फोन उचलला नाहीस. पुढच्या रविवारी भात-वरण वाढताना म्हणालीस, "एकदा फुलू दे. सुकलं की तुला ऐकवते. जयंती होऊन गेल्यावर आमच्या नागपुरात गल्लीभर पताका तशाच राहतात ना, उन्हाने रंग उडालेल्या, अगदी तसा आवाज." मी म्हटलं, मी ऐकल्याशिवाय मानणार नाही. तू म्हणालीस, ऐकवतेच. हा शब्द तू दिला होतास, सुजाता. मी मागितला नव्हता.

मग धूर आला. दोन वर्षांपूर्वीही आला होता, तेव्हा तू खिडक्यांना ओले टॉवेल लावून घरात बसली होतीस. या वेळी बसली नाहीस. समुद्रापलीकडे कुणीतरी चार पैसे वाचवायला जमीन पेटवतं. ती ओली दलदलीची जमीन आतल्या आत आठवडेच्या आठवडे धुमसत राहते आणि इकडे आपण सकाळी उठून फोनवर हवेचा आकडा बघतो. समोरची इमारत दिसेनाशी होते. पोरांच्या शाळा बंद होतात. त्या धुराला इथे 'हेझ' म्हणतात, जसं काही ते धुकं आहे, हवामान आहे, निसर्गाची लहर आहे. काडी ओढणारा हात कुठेतरी होता. तो माणूस रात्री जेवला असेल, झोपला असेल. मला त्याचं नाव हवंय. अध्यक्ष म्हणतात निमित्त. हे निमित्त नाही, हे कारण आहे, आणि फरक कळत नसेल त्याने शोकसभेत बोलायला उठू नये.

आणि तुझाही राग येतो, का येऊ नये? मास्क लावला की चष्म्यावर वाफ येते म्हणून तू तो पर्समध्ये ठेवायचीस. तुझ्या प्रयोगाच्या भाताला लोंब्या धरल्या होत्या आणि त्या रोज बघायला तुलाच जायचं होतं. भाताला सुट्टी कळत नाही, म्हणायचीस. त्या सकाळी एलआरटीच्या स्टेशनवर तू बाकावर बसलीस ती उठली नाहीस. दम्याचा पंप पर्समध्ये होता, रिकामा. सुजाता, तुझ्या प्रयोगशाळेतल्या एकेका डबीतलं बी कुठल्या हंगामातलं हे तुला पाठ होतं, आणि स्वतःच्या पंपात औषध शिल्लक आहे का हे माहीत नव्हतं. हॉस्पिटलमधून मिलिंदचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते आणि कुठल्यातरी अहवालाच्या रंगावरून वाद घालत होते. तू गेलीस आणि थोड्याच दिवसांत पाऊस आला. आभाळ लख्ख धुऊन निघालं, लोकांनी निळ्या आकाशाचे फोटो टाकले. मी खिडकी लावून घेतली.

त्यानंतरच्या रविवारी सवयीने तुझ्याकडे निघाले. लिफ्टमधून बाहेर पडले तर कॉरिडॉरमध्ये धूर. तुझ्या दारापाशी, तुझ्या कुंडीत, लाल काड्यांच्या चिनी उदबत्त्यांचा जुडगा खोचलेला, आणि शेजारच्या आंटी हात जोडून उभ्या. या त्याच आंटी, ज्यांच्याशी तू त्यांच्या पितरांच्या महिन्यात कागद जाळण्यावरून भांडून तह केला होतास की काय जाळायचं ते लिफ्टच्या पलीकडे. हेझ सुरू झाल्यावर ज्या तुला रोज नाशपाती उकळलेलं पाणी आणून द्यायच्या, त्याही याच. मी काही विचार केला नाही. पुढे झाले, उदबत्त्या उपटल्या आणि चपलेने विझवल्या. मी ओरडले की धुराने मेली ती, आणि तुम्ही तिच्या दारात धूर करता.

आंटी घाबरल्या नाहीत. खालच्या काड्या एकेक करून त्यांनी उचलल्या. "शी ऑलवेज स्कोल्ड मी फॉर स्मोक," इथल्या 'ला' जोडलेल्या इंग्रजीत म्हणाल्या. "नाऊ नोबडी स्कोल्ड मी. सो क्वाएट, ला."

मग त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. हे तिचं नाव ना, म्हणाल्या. मेलेल्या माणसाच्या दारात वाळूची कुंडी, तिच्यात उभी पाटी आणि पाटीवर न कळणारी अक्षरं. त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे बरोबर अर्थ लावला होता. घरच्यांनी तिच्यासाठी उदबत्तीचं पात्र मांडलंय, असं समजून तू गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावत होत्या आणि रोज सकाळी पेलाभर चहा तुझ्या नावाने वाळूत ओतत होत्या. दारामागे मिलिंदला पत्ताही नव्हता. तो पाहुण्यांच्या आणि कागदपत्रांच्या गराड्यात होता. मी आंटींना सांगितलं की हे तिचं नाव नाही, माझं आहे. आणि पुढे लिहिलंय की पाणी घालू नकोस. आंटींनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला. मग त्या हसल्या. मीही हसले, आणि हसताहसता मला असं रडू फुटलं की त्यांनीच मला धरून आपल्या घरात नेऊन बसवलं. राग मात्र गेला नाही. धुराचा राग माझ्याकडून त्यांच्यासाठीही सोडवला नाही.

तुझा पास गेला तसे मिलिंदचे आणि तुमच्या लेकीचे, मित्राचे, पासही गेले, कारण दोघांचे तुझ्यावर लावलेले होते. आई गेल्याचं दुःख बाजूला ठेवून पोरीला आधी शाळा सोडल्याचा दाखला आणावा लागला. नियम आहे, असं मिलिंद शांतपणे म्हणाला. मला त्याच्या शांतपणाचाही राग आला. सामान नागपूरला जायचं, फ्लॅट रिकामा करायचा, या धावपळीत एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "मीनल, तुझ्या कुंडीत काहीतरी हिरवं आलंय."

तुझ्या कुंडीत, म्हणाला. पाटीवर नाव माझं होतं ना.

मी गेले. वाळूतून, उदबत्तीच्या काड्यांच्या बुडख्यांमधून, बारीक हिरवे कोंब वर आले होते. मी खाली बसून बघत राहिले आणि मला काय वाटलं ते सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं: मला ते उपटून टाकावेसे वाटले. ज्या धुराने तुला नेलं त्यानेच यांना उठवलं? इतकी वर्षं तू वाट पाहिलीस, आणि हे तुझी पाठ फिरल्यावर उगवले? की धूर नव्हताच, रोजच्या चहाने उगवले, आणि तू म्हणत होतीस तेच खरं? आंटींनी दोन्ही घातलं होतं. धूरही, पाणीही. तुझा प्रयोग असा नासवला गेला होता की त्यातून काहीही सिद्ध होत नव्हतं. जिच्याकडे उत्तर होतं ती तू, आणि तू नव्हतीस.

मित्रा माझ्या मागे उभी होती. चौदाची पोर, तुझेच दाट केस, तुझाच चष्मा. मी डोळे पुसले तशी म्हणाली, "मावशी, डोन्ट क्राय ऑन द सॅम्पल, ला. ममा विल बी सो अँग्री." आणि तिने कुंडी उचलून माझ्या हातात दिली.

मी ती मांडीवर घेऊन बेडोकला आले. गाडीत एका बाईने मला जागा दिली, काय आहे म्हणून विचारलं, मी सांगितलं की मैत्रिणीचं झाड. यापेक्षा जास्त सांगवलं नाही. घरी आल्यावर मात्र मी तुझ्यासारखी वागू लागले. पाणी मोजून. पावसाचा शिंतोडा नको म्हणून काचेआड. बरेच कोंब या दमट हवेत बुडाशी कुजून आडवे झाले, आणि प्रत्येकासाठी मी तुला शिव्या दिल्या. एकच टिकला. वीतभर उंच झाला, पानं चिकट, हाताला औषधासारखा वास लागायचा. मग एक दिवस त्याच्या शेंड्याला त्या फिकट पिवळ्या घंटा आल्या, माना खाली घातलेल्या. मी मिलिंदला फोटो पाठवला. त्याने लिहिलं, जयभीम मीनल, तिला आवडलं असतं. नाही रे, तिला आवडलं नसतं, तिने आधी विचारलं असतं की नियंत्रण गट कुठे आहे.

फुलणं सोपं होतं. सुकवणं कठीण. इथल्या हवेत फूल सुकत नाही, लिबलिबीत होऊन गळतं. ते मला होऊ द्यायचं नव्हतं, कारण तू शब्द दिला होतास आणि तो तुझ्याऐवजी या दीडदमडीच्या रोपट्याकडून मी वसूल करणार होते. मी कुंडी आमच्या बेडरूममध्ये ठेवली आणि एसी हवा कोरडी करण्याच्या मोडवर लावून ठेवला. नवरा उन्हाळी ब्लँकेट घेऊन हॉलमध्ये झोपायला गेला. विजेच्या बिलाचं त्याने नाव काढलं नाही, हे त्याचे उपकार. हळूहळू पिवळा रंग उतरला, घंटा पातळ झाल्या, कागदी झाल्या, आणि एकही गळली नाही.

काल सकाळी मी एसी बंद केला आणि टेबलफॅन सगळ्यात कमी वेगावर ठेवून कान फुलांजवळ नेला.

ऐकू आलं, सुजाता. तू सांगितलं होतंस तसं अजिबात नाही. पताका कसल्या? कांद्याच्या टोपलीच्या तळाशी सालं उरतात ना, त्यांच्यातून हात फिरवला की होतो तो आवाज. अगदी तोच. मी दोनदा ऐकलं, टोपली शेजारी आणून पुन्हा ऐकलं. तुझं चुकलंय.

आता ये, आणि म्हण, "नाही."